चित्र बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? बेसिक शब्द सोप्यात सांगा कुणीतरी

सातरस्ता_सुन्या

नमस्कार मंडळी. मी सुताच्या दुकानात हिशोब बघतो, चित्रकलेशी माझा संबंध शाळेत दोन डोंगर, मधून सूर्य आणि खाली वाकडी नदी एवढाच. भाची यंदा ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय म्हणून तिला घेऊन एका चित्रप्रदर्शनाला गेलो तर ही नववीतली पोरगी एकेका चित्रासमोर उभी राहून म्हणते मामा ह्याचं कंपोझिशन मस्तय, ह्यात टोन सपाट पडलाय, ह्याला डेप्थच नाही. मी आपला हो हो करत मागून. मला सगळी चित्रं दोनच प्रकारची दिसत होती, कळलेली आणि न कळलेली.

तर कंपोझिशन, टोन, व्हॅल्यू, टेक्स्चर, पर्स्पेक्टिव्ह हे जे शब्द आहेत ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे? आणि चित्राच्या खाली चिठ्ठीवर 'मिश्र माध्यम' लिहिलेलं, एकावर '७/२५' असा अपूर्णांक होता, तो काय असतो? ॲब्स्ट्रॅक्टबद्दल तर विचारायलाच नको. कृपा करून लिंका टाकू नका, मी चार उघडल्या आणि झोप लागली.

ड्रॉइंगचे_सर

सुनीलभाऊ, प्रश्न छान विचारलात. माझं आयुष्य शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात गेलं, पण पालकांपैकी असं कुणी विचारलेलं आठवत नाही, सगळे फक्त ए ग्रेडचे मार्क किती वाढतात ते विचारायचे.

आधी एक गोष्ट डोक्यातून वेगळी करा. चित्राचा विषय वेगळा आणि चित्र वेगळं. आपण काय करतो, विषय ओळखला की चित्र बघितलं असं समजून पुढं सरकतो. राजा रविवर्म्याची शकुंतला घ्या, पायातला काटा काढायचं निमित्त करून मागं वळून बघणारी, कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलेली. विषय काय तर शकुंतला दुष्यंताला चोरून बघतेय. पण दुष्यंत चित्रात आहे का? नाही. तरी आपल्याला तो कळतो, कारण तिची नजर चित्राच्या बाहेर जाते आणि तिच्या सख्या दुसऱ्या दिशेला निघाल्यात. तिचं शरीर एका दिशेला, मान दुसऱ्या दिशेला. ही जी मांडणी केलीय ना, कोण कुठं उभं, कोण कुणीकडं बघतंय, मोकळी जागा कुठं सोडली, ते कंपोझिशन. मराठीत आम्ही रचना किंवा संयोजन म्हणतो. तोच विषय तुम्ही मला दिला आणि मी तिला मधोमध समोर बघत उभी केली तर विषय तोच राहील आणि चित्र मात्र मरेल.

आता दुसरं. पुस्तकात घटक आणि तत्त्वं अशा दोन याद्या असतात आणि पोरं त्या पाठ करून एकमेकांत मिसळतात. रेषा, आकार, घनाकार, रंग, छायाप्रकाश, पोत, अवकाश हे घटक, म्हणजे हा सगळा माल. तोल, लय, विरोध, प्रमाण, एकता ही तत्त्वं, म्हणजे त्या मालाचं चित्रकारानं काय केलं. रेषा कागदावर बोट ठेवून दाखवता येते. लय अशी बोट ठेवून दाखवता येत नाही, ती रेषा परत परत आल्यानं तयार होते. हा फरक धरला की निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतात.

टोन आणि व्हॅल्यू हे बोलताना लोक एकाच अर्थानं वापरतात, एखादी जागा किती उजळ किती गडद ते. ह्याचा रंगाशी संबंध नाही. आणि माझं स्पष्ट मत सांगतो, चित्र बघायला शिकायचं असेल तर रंग नंतर, आधी व्हॅल्यू बघा. डोळे अर्धवट मिटून चित्राकडे बघा, बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि फक्त उजळ-गडद ठोकळे उरतात. ते ठोकळे चांगले दिसले तर चित्राची हाडं मजबूत आहेत. जमत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा.

सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, नेटवर फोटो मिळेल. बाई हातात दिवा घेऊन उभी आहे, ज्योतीपुढं पंजा धरलाय आणि बोटांच्या कडा आतून लाल पेटल्यासारख्या दिसतात. लोक म्हणतात दिवा खरा लागल्यासारखा वाटतो. का वाटतो? कारण उजेड थोड्याच जागेत आहे, चेहरा, हात, पदराचा थोडा भाग, आणि बाकी सगळं अंधारात बुडवलंय. आणि हे जलरंगातलं काम आहे. पारंपरिक जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागदाचा पांढरा राखून ठेवायचा असतो. एकदा गडद गेलं की परत उजळ आणणं महाकठीण. म्हणून ते चित्र बघून आमच्यासारखे लोक हात जोडतात.

टेक्स्चर म्हणजे पोत. त्यात दोन प्रकार, एक हाताला लागणारा, कॅनव्हासवर रंगाचे थर दिलेले असतात तो, आणि एक नुसता दिसणारा, म्हणजे गुळगुळीत कागदावर काढलेला खरबरीत नारळ. पर्स्पेक्टिव्ह मोठा विषय आहे, सावकाश लिहितो.

मागावरचा

सरांनी भारी सांगितलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे डिझाईन करतो, आमच्या भाषेत सांगतो सुन्याभाऊ, तुम्ही सुतातलेच आहात.

घरात जकार्डची चादर असेल ना, ती उलटी करून बघा. सरळ बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर दिसेल. आता ह्यात मोर हा आकार आणि जमीन हा रिकामा भाग असं आपण म्हणतो, पण विणताना रिकामं असं काही नसतंच, जमिनीलापण तेवढाच धागा लागतो. चित्रातपण तसंच. वस्तूच्या भोवतीची जागा, तिला निगेटिव्ह स्पेस म्हणतात, तिलासुद्धा स्वतःचा आकार असतो. नवीन पोरगं कामाला आलं की मोर सुंदर काढतं आणि दोन मोरांच्या मधली जागा बघतच नाही, मग रिपीट लावल्यावर, म्हणजे तोच नमुना परत परत जोडल्यावर, त्या मधल्या जागेचा भलताच पट्टा तयार होतो आणि सगळ्या चादरीवर आधी तो पट्टाच दिसतो, मोर राहिला बाजूला. आधी हे सगळं ग्राफ पेपरवर चालायचं, एकेक चौकोन भरायचा आणि त्यावरून कार्डाला भोकं पाडायची, आता कॉम्प्युटरवर करतो पण चौकोन तेच. सर म्हणतात ती लय म्हणजे आमचं रिपीट. फक्त एकसारखं रिपीट दिलं की कंटाळवाणं होतं, म्हणून किनारीला वेग बदलायचा.

आता रंगाचं. ह्यावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो. कुठल्याही रंगाच्या तीन गोष्टी बघायच्या. कुठला रंग, म्हणजे लाल की निळा. किती उजळ की गडद, म्हणजे सरांची व्हॅल्यू. आणि किती झगझगीत की मळका, त्याला सॅच्युरेशन किंवा इंटेन्सिटी म्हणतात. व्यापारी फोनवर सांगतो "जरा डार्क करा", त्याला कधी गडद पाहिजे असतं आणि कधी झगझगीत, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला पटवता पटवता एक सॅम्पल वाया जातं.

आणि खरी गंमत शेजारच्या रंगात आहे. फ्रान्समध्ये पॅरिसला गोब्लँ म्हणून भिंतीवरचे विणलेले पडदे बनवायचा सरकारी कारखाना, तिथं रंगखात्याचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल शेवरोल नावाचा केमिस्ट आला. तक्रार काय होती, काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या घड्यांमध्ये सावलीसाठी वापरलेला काळा फिका, दमच नसल्यासारखा दिसतो. ह्या माणसानं दुसऱ्या कारखान्यांची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगात काहीच खोट नव्हती! काळ्याच्या शेजारी निळा-जांभळा होता म्हणून डोळ्याला तो तसा दिसत होता. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना लांब ढकलतात, प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. ह्यावर त्यानं १८३९ ला जाडजूड पुस्तक काढलं आणि पुढं ते चित्रकारांनी उचललं.

विरोधी जोड्या तीन लक्षात ठेवा, लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. शेजारी ठेवले की दोघंही पेटतात, एकमेकांत कालवले की दोघंही विझतात. आपल्या इथं रंगाऱ्याकडून आलेल्या लॉटवर "शेड मारली", म्हणजे रंग जुळत नाही, म्हणून जी भांडणं होतात त्यातली काही ह्यामुळंच असणार असा माझा जुना संशय आहे, पण ते मालकाला कोण सांगणार.

गड्ड्यावरचा_बंड्या

काय बे, एवढं सगळं पाठ करून चित्र बघायचं म्हणजे परीक्षाच झाली की. मला आवडलं तर आवडलं, नाही तर पुढं. आणि ते गायतोंडे का कोण त्यांचं चित्र २०२१ च्या लिलावात जवळपास ४० कोटीला गेलं ना, मी फोटो बघितला, नुसता रंग फासलाय. त्यात कुठलं कंपोझिशन आणि कुठली शकुंतला? माझा पोरगा असलं रोज भिंतीवर काढतो, मी त्याला ४० कोटी न देता धपाटा देतो.

रंगपेटी

बंड्यादादा पोराला धपाटा नका देऊ 😄 मी सोलापूरची, सध्या मुंबईत फाइन आर्ट करतेय.

आवडणं-न आवडणं तुमचं तुम्हीच ठरवणार, शब्द त्यासाठी नसतातच. आपल्याला काय आवडलं आणि काय खटकलं ते दाखवता यावं एवढाच त्यांचा उपयोग. "काहीतरी गडबड आहे" आणि "सगळा भार डाव्या बाजूला आलाय" ह्यात दुसरं वाक्य बोललं की समोरच्याशी वाद तरी घालता येतो.

ॲब्स्ट्रॅक्टबद्दल सगळ्यात मोठा घोळ असा की तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो. एक, दिसतं तसं काढणं, हळदणकरांचं दिव्याचं चित्र तसं. दोन, दिसणारी वस्तू घेऊन ती कमी कमी करत नेणं. हुसेनचे घोडे बघा, खरा घोडा तसा नसतो, मान मुरडलेली, नाकपुड्या फुगलेल्या, चार-सहा दणकट रेषांत सगळा आवेश, पण तो घोडा आहे ह्यात कुणाला शंका नाही. ते अमूर्ताकडं झुकलेलं, पण पूर्ण अमूर्त नाही. (हुसेन आपल्या जिल्ह्यातला, जन्म १९१५, पंढरपूर, हे मुंबईत सांगितलं की लोक चाट पडतात. मुंबईत सुरुवातीला ते सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, आणि लांबून वाचता यावी अशी ती जाड ठाम रेषा मला तिथूनच आल्यासारखी वाटते.)

तीन, ज्यात कुठली वस्तू नाहीच. वासुदेव गायतोंडे ह्यातले. नागपूरला १९२४ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्यांना स्वतःला ॲब्स्ट्रॅक्ट हा शब्द नको असायचा, ते आपल्या कामाला नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कशाचं तरी सोपं केलेलं रूप नाही, वस्तूच नाही. त्यामुळं "हे कशाचं चित्र आहे" हा प्रश्न तिथं लागू पडत नाही. मग बघायचं काय? तर सरांनी आणि मागावरच्या दादांनी लिहिलंय तेच, विषय काढून टाकल्यावर जे उरतं ते सगळं. त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर दिलेत, काढलेत, परत दिलेत. समोर उभं राहिलं की पिवळ्याच्या आतून दुसरा पिवळा वर येतोय असं दिसतं, कुठं चिन्हासारखं काहीतरी तरंगतं, ते नेमकं कुठल्या उंचीवर ठेवलंय त्यावर सगळ्या चित्राचा तोल उभा असतो. मोबाईलच्या फोटोत हे नव्वद टक्के मरतं. म्हणून तुम्हाला फासल्यासारखं दिसलं ते खोटं नाही, फोटोत तसंच दिसतं.

किंमतीचं मात्र सोडून द्या. माणूस २००१ ला गेला, काम फार थोडं केलेलं, विकत घेणारे जास्त, म्हणून आकडा चढला. आकड्यावरून चित्र चांगलं ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही.

गड्ड्यावरचा_बंड्या

बरं. पटलं नाही पण समजलं. पोराच्या भिंतीचा तोल बघतो आता.

पंढरीचा_नाम्या

तुम्ही सगळे घटक-तत्त्वं इंग्रजीतून आलेली सांगताय, आपल्याकडं षडंग आहे की, चित्रकलेची सहा अंगं. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. कामसूत्रावर यशोधर पंडितानं लिहिलेल्या टीकेत, म्हणजे भाष्यात, श्लोक आहे. ते का कुणी शिकवत नाही?

ड्रॉइंगचे_सर

शिकवतात हो, पण पाठांतराला. तुम्ही बरी आठवण काढलीत. रूपभेद म्हणजे आकाराआकारातला फरक ओळखणं, प्रमाण म्हणजे मापं, वर्णिकाभंग म्हणजे रंग आणि कुंचला हाताळायचं कसब, सादृश्य म्हणजे साम्य. हे बरंचसं इकडच्या यादीशी जुळतं. न जुळणारे दोन म्हणजे भाव आणि लावण्ययोजन, म्हणजे चित्रात लावण्य आणणं. आत्ताच्या घटक-तत्त्वांच्या यादीत भाव नाही, आणि ते मला नेहमी खटकत आलंय. सगळा तोल, सगळी लय बिनचूक असून चित्र कोरडं राहतं तेव्हा तुम्ही काय म्हणणार? तिथं हा शब्द लागतो. पण पाचवीतल्या पोराला आधी वाटी तरी गोल काढू द्या.

सातरस्ता_सुन्या

मंडळी काय सांगू, दुकानात बसून सगळं दोनदा वाचलं, चादर उलटी करून पण बघितली, गिऱ्हाईक म्हणालं फाटलीय का. सर, पर्स्पेक्टिव्हचं राहिलंय. लांबचं लहान दिसतं हे शेंबड्या पोरालापण माहीत आहे, मग त्यात शिकण्यासारखं काय आहे? आणि जुन्या राजस्थानी-पहाडी चित्रांत मागची माणसं पुढच्याएवढीच मोठी असतात, ते त्या लोकांना येत नव्हतं म्हणून का?

ड्रॉइंगचे_सर

लांबचं लहान हे माहीत असतं, पण किती लहान, आणि कुठल्या दिशेनं लहान होत जातं, ते काढायला बसलं की घाम फुटतो.

सोलापूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहा. रूळ, प्लॅटफॉर्मची कड, वरच्या पत्र्याची कड, विजेच्या तारा, सगळ्या लांब जाणाऱ्या रेषा एका ठिपक्याकडं धावतात. खालच्या वर चढतात, वरच्या खाली उतरतात. तो ठिपका म्हणजे लोपबिंदू, व्हॅनिशिंग पॉइंट. आणि तो नेमका तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. खाली बाकावर बसा, तो तुमच्याबरोबर खाली येतो. चित्रात ती उंचीची आडवी रेषा कुठं धरलीय ते शोधलं की चित्रकार उभा होता, बसला होता की गच्चीवर होता ते कळतं. म्हणजे चित्रात तुम्हाला कुठं उभं केलंय तेच कळतं. शिकण्यासारखं आहे ते हे.

हे गणितानं बसवलं इटलीत, फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्की ह्या वास्तुकारानं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि १४३५ मध्ये अल्बेर्तीनं ते लिहून काढलं. पण नुसतं खोली दाखवायला वापरलं तर ते यंत्रकाम झालं. लिओनार्दोनं मिलानच्या मठातल्या भिंतीवर येशूचं शेवटचं जेवण काढलंय, त्यात छताच्या आणि बाजूच्या भिंतींच्या सगळ्या रेषा येशूच्या डोक्यापाशी येऊन मिळतात. त्या जागी भिंतीत खिळ्याचं भोक सापडलंय, तिथून दोरी ताणून रेषा आखल्या असणार. टेबलावर तेरा माणसं हातवारे करतायत आणि तरी नजर मधल्या एकावरच जाऊन थांबते. पर्स्पेक्टिव्हच तिथं कंपोझिशनचं काम करतंय.

आणखी एक प्रकार, हवेचा. लांबच्या गोष्टी फिक्या, निळसर आणि कडा पुसट होत जातात. आपल्याकडं डोंगर नाहीत म्हणून पटकन लक्षात येत नाही, पण तुळजापूरच्या घाटाकडं जाताना बघा. पोरं लांबचा डोंगर गर्द हिरवा रंगवतात आणि मग तो नाकासमोर येऊन बसतो.

आता पहाडी चित्रं. येत नव्हतं म्हणून नाही, त्यांना ते नको होतं. एकच माणूस एकाच जागी एक डोळा लावून उभा आहे ही अट त्यांनी घेतलीच नाही. गच्ची वरून दाखवली, कारण तिच्यावरची सतरंजी दिसायला पाहिजे. माणूस बाजूनं दाखवला, कारण चेहरा बाजूनं छान दिसतो. मागं काय चाललंय ते वर सरकवलं, म्हणजे झाकलं जात नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणी भोवतीच्या माणसांपेक्षा केवढा मोठा आहे, तो जवळ उभा आहे म्हणून नाही, तो महत्त्वाचा आहे म्हणून. मोठं-लहान करायचा नियमच वेगळा. एका पद्धतीचे नियम लावून दुसरीला नापास करायचं नाही.

रंगपेटी

चिठ्ठीचं कुणी सांगितलंच नाही की. साधारण क्रम असा असतो: नाव, साल, कशानं कशावर, माप. "तैलरंग, कॅनव्हास" म्हणजे ऑइल कलरनं कॅनव्हासवर. माप देताना बहुतेक ठिकाणी आधी उंची मग रुंदी असते, त्यामुळं ऑनलाइन घेणारे लोक उभ्या चित्रासाठी आडवी भिंत मोकळी करून बसतात. मिश्र माध्यम म्हणजे एकाहून जास्त गोष्टी वापरल्यात, ॲक्रिलिक, कोळसा, चिकटवलेला कागद, काहीही.

७/२५ म्हणजे ते छापचित्र आहे. लाकडावर, धातूच्या पत्र्यावर किंवा दगडावर चित्र तयार करून चित्रकारानं (किंवा त्याच्या देखरेखीखाली) त्याच्या २५ प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. सहसा पेन्सिलनं खाली आकडा आणि सही असते. ही झेरॉक्स नव्हे, प्रत्येक प्रत मूळच धरतात, पण एकुलत्या एक चित्रापेक्षा किंमत कमी असते, त्यामुळं आमच्यासारख्यांना परवडण्याची आशा असते. ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलं असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी राखलेली प्रत.

आणि "कॅनव्हास प्रिंट" हे वेगळं, तो कॉम्प्युटर प्रिंटरनं कॅनव्हासवर मारलेला फोटो असतो. वरून पारदर्शक जेल फासून ब्रशचे फटकारे केलेले असतात, तिरकं उभं राहून बघा, फटकारे एकीकडं आणि रंग दुसरीकडं जात असेल तर समजून जा.

सुन्यामामा (भाचीचे मामा म्हणजे आमचेही मामाच), मूळ तैलचित्रं बघायची असतील तर भाचीला घेऊन सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा, श्री भवानी वस्तुसंग्रहालय. रविवर्म्यांची मूळ कामं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पपण आहे, खेड्यातल्या टेकडीवर हे सगळं. कॅलेंडर बघितलेल्या डोळ्यांनी रविवर्म्याचा खरा रंगाचा थर बघणं हा वेगळाच प्रकार.

मागावरचा

औंध बेस्ट. पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, वडूज असं जायचं, उन्हाळ्यात नको.

पंढरीचा_नाम्या

रविवर्म्यावरून आठवलं. आमच्या देवघरात आजोबांच्या काळातली लक्ष्मी आहे, कमळावरची, हत्तीवाली. घरात सगळे म्हणतात रविवर्मा प्रेसची आहे, लाखाची आहे. कसं ओळखायचं?

रंगपेटी

लाखाचं स्वप्न आधी खाली ठेवा 😄 रविवर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं दगडावरून छपाई व्हायची, एकेका रंगाला एकेक दगड, वरून तैलचित्रासारखी चमक आणायची, म्हणून ओलिओग्राफ. पण ती देवांची चित्रं घरोघरी जावीत म्हणूनच छापली होती, शिवाय नंतर दुसऱ्यांनी नकला छापल्या त्या वेगळ्याच.

भिंग घ्या आणि चेहऱ्याचा किंवा आकाशाचा फिका भाग बघा. ठिपके एका रांगेत, जाळीसारखे नेमके दिसले तर ती नंतरची ऑफसेटची छपाई. वेडेवाकडे, लहानमोठे, हातानं टिंब टिंब दिल्यासारखे असतील तर दगडावरची असायची शक्यता. मग खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का बघा.

पंढरीचा_नाम्या

आई म्हणते देव खाली उतरवायचा नाही, म्हणून स्टुलावर चढून भिंगानं बघितलं. ठिपके वेडेवाकडेच आहेत! पण खालची कड फ्रेमच्या पट्टीखाली गेलीय, नाव दिसत नाही. काच काढू का?

रंगपेटी

अजिबात नको. एवढी वर्षं बंद असलेला कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की लक्ष्मीचा अर्धा चेहरा काचेवर राहील. मागची पाठ उघडून बघणारा जुना फ्रेमवाला गाठा, आणि आधी आईला विचारा.